साबणाचा साठा आणि हरवलेला औंस

कार्यक्रमपत्रिकेत 'दाढीच्या साबणाचा साठा' असा विषय छापलेला पाहून काही मंडळींना ही छापखान्याची चूक वाटली असेल. ती चूक नाही. ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरी, घटना आणि ग्रहगोल यांवर बोलले जाते, त्यावरून न्हाणीघरातल्या फळीवरच्या वडीवर बोलण्याचा हट्ट आमचाच होता, आणि चालकांनी तो पुरवला. आम्ही शाळेत सातवीपुढे गेलो नाही. इतिहास म्हणून जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतले कपाट आणि गावचे सार्वजनिक वाचनालय यांच्या आधाराने. त्यामुळे एखादी जिन्नस दिसली की तिचा भाव काय, वजन किती, आणि ती दुकानात पडून राहिली तर खोट कोणाच्या अंगावर पडते, हेच प्रश्न आधी सुचतात. साबणाच्या बाबतीत या तिसऱ्या प्रश्नाने मोठमोठ्या मंडळींची झोप उडवली आहे, म्हणून तो येथे मांडावासा वाटला.

पहिली गोष्ट अशी की साबण वाळतो. तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर उकळली म्हणजे साबण होतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ते का होते हे फ्रान्समधील शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली आपला ग्रंथ काढला तेव्हा कोठे नीट उलगडले. त्याआधी साबण शिजवणारा कारागीर कढईतला साबण जिभेवर ठेवून, तो किती झोंबतो यावरून पाक झाला की नाही ते ठरवी. कढईतून नुकत्या निघालेल्या साबणात वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी असते. धुण्याच्या साबणाची लादी ओतून कापून विकली म्हणजे गिऱ्हाईक हे पाणीही साबणाच्याच भावाने घेते. महिना दोन महिने लादी फळीवर राहिली की पाणी उडते, वडी कठीण होते, वजन उतरते. मात्र अशी वाळलेली वडी पाण्यात कमी विरघळते आणि जास्त दिवस पुरते. जुना तांदूळ आणि जुना साबण यांत हे साम्य आहे, फक्त तांदूळवाला जुन्याचा भाव चढा लावतो आणि साबणवाल्याला तो लावता येत नाही.

दाढीचा साबण या कुळातला असूनही निराळा. त्यात सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅशही वापरतात. नुसत्या सोड्याचा साबण कठीण होतो पण त्याचा फेस दाढीला पुरत नाही. नुसत्या पोटॅशचा मलमासारखा मऊ राहतो. दोहोंचे मिश्रण केले आणि स्टिअरिक आम्लाचा भाग वाढवला, म्हणजे दाट, चिकट, गालावर टिकणारा फेस येतो. खोबरेलाचा साबण भरकन फेस देतो, पण वस्तरा दुसऱ्या गालावर पोचेपर्यंत तो फेस विरून जातो. शिवाय धुण्याच्या साबणातून ग्लिसरीन काढून घेण्याकडे कारखानदाराचा कल असतो. दाढीच्या साबणात ते मुद्दाम राखतात, कारण त्यामुळे फेस लवकर सुकत नाही. चांगल्या प्रतीची वडी ओतलेली नसते. साबणाच्या पातळ कापट्या आधी वाळवतात, मग रुळांतून दाबून साच्यात ठोकतात. अशा वडीत पाणी दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे जे वाळायचे ते कारखान्यातच वाळलेले असते, आणि म्हणूनच घाऊक घेऊन ठेवायला सगळ्या साबणांत हा साबण सोयीचा.

साबणाच्या साठ्यावर सरकारची नजर फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १७१२ साली साबणावर जकात बसली आणि ती थेट १८५३ साली ग्लॅडस्टनने उठवली. मधल्या काळात अबकारी शिपाई रात्री साबणाच्या कढईवर झाकण घालून त्याला कुलूप ठोकीत, मालकाने अंधारात जास्तीची कढई उतरवू नये म्हणून! १८१६ पासून कठीण साबणावर पौंडामागे तीन पेन्स कर होता. कामकरी माणसाने अंग धुवावे की नाही याचा निर्णय शंभरावर वर्षे तिजोरीच्या चाव्यांबरोबर लोंबकळत राहिला. कर उठल्यावर साबण स्वस्त झाला तेव्हा शहाण्या गृहिणी लांब लादी घाऊक आणून, मऊ असतानाच तारेने कापून, तुकड्यांमध्ये वारा खेळेल अशी रचून माळ्यावर वाळत ठेवीत. वजनाची खोट त्यांच्या पदरी पडे, पण महिन्याच्या शेवटी त्याच फायद्यात असत. मात्र त्यासाठी महिनाभराचे पैसे आधी हाती असावे लागतात. ज्याचा पगार शनिवारी होतो आणि मंगळवारी संपतो त्याला ओला साबणच घ्यावा लागतो, आणि पाण्याचे पैसेही त्यालाच भरावे लागतात.

दाढीचा साबण घाऊक घेणारे पहिले खरे गिऱ्हाईक म्हणजे न्हावी. अमेरिकेतील कनेटिकट संस्थानात जेम्स बेकर विल्यम्स नावाचा औषधविक्या होता. त्याने १८४० च्या सुमारास दाढीसाठी वेगळा साबण करायला सुरुवात केली आणि १८४७ मध्ये ग्लास्टनबरी या गावी कारखाना नेला. त्याच्या मालात न्हाव्यांसाठी काढलेला साबण असे. तो पौंडाने विकला जाई आणि त्याची गोल वडी मगाच्या तळाशी चपखल बसे. न्हाव्याला एका वेळी चार-सहा पौंड घेऊन ठेवणे परवडे, कारण वाळलेल्या मालात तूट नव्हती आणि गिऱ्हाईक रोजचे होते. त्या काळच्या अमेरिकन सलूनमध्ये भिंतीवर खणांची फळी असे. तीत नेहमीच्या गिऱ्हाइकांचे, सोनेरी अक्षरांत नावे लिहिलेले, चिनी मातीचे मग ओळीने मांडलेले असत. प्रत्येक मगात ज्याची त्याची वडी. साठा न्हाव्याचा आणि वडी गिऱ्हाइकाची, असा हा मजेदार व्यवहार होता. तेथील न्हावी कारागिरांनी १८८७ मध्ये आपली युनियन उभारली, आणि ज्या दुकानात युनियनचे दर पाळले जात त्याच्या काचेवर युनियनचे कार्ड लागे. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे सांगताना थोडे रेंगाळावे, याची श्रोत्यांनी क्षमा करावी.

आपल्याकडे हा साबण उशिरा आला, आणि त्याचे कारण आम्हांला बलुत्यात दिसते. गावचा न्हावी बारा बलुतेदारांतला. त्याला दाढीमागे पैसा मिळत नसे. वर्षाकाठी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चामोटे, आरसा आणि पाण्याची वाटी. गाल पाण्याने चोळून मऊ करायचा आणि वस्तरा चालवायचा. साबण आणला असता तर त्याचे पैसे ठरलेल्या वाट्यातूनच गेले असते, आणि पाटलाच्या गालाला फेस आला म्हणून खळ्यावर पायली वाढली नसती. दाढीला रोख पैसा मिळू लागला तो शहरात, तेव्हाच धोकटीत साबणाची वडी शिरली. याच मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले होते, आणि त्यांच्या पाठीशी गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे उभे होते. विषय साबणाचा असला तरी वस्तऱ्याचे नाव निघाले की ही सभा सांगितल्याशिवाय आमच्याने पुढे जाववत नाही.

परदेशी साबणात जनावराची चरबी असे, ही आपल्या घरांतली दुसरी अडचण. अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण काढला, तेव्हा देव्हारा असलेल्या घरातही वडी उजळ माथ्याने शिरली. गोदरेजची दाढीच्या साबणाची गोल वडी आमच्या वडिलांच्या पिढीला चांगली परिचयाची होती.

आता हरवलेल्या औंसाकडे वळू. साबणाच्या इतिहासात इतके रंगलेले प्रकरण दुसरे नाही. विल्यम लिव्हर हा बोल्टन गावच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या लहानपणी किराणा दुकानात साबणाची लांब लादी असे. दुकानदार ती कापून, तराजूत टाकून देई. गिऱ्हाईक वजन डोळ्यांनी पाही. लिव्हरने १८८४ मध्ये 'सनलाइट' हे नाव नोंदवले, आणि कापलेली, कागदात गुंडाळलेली, ठराविक किमतीची वडी बाजारात आणली. स्वच्छता वाढली, सोय झाली, हे खरे. पण तराजू गिऱ्हाइकासमोरून उठून कारखान्यात गेला. यापुढे वजन म्हणजे वेष्टनावरचा विश्वास.

१९०६ साली तेला-चरबीचे भाव चढले. लोण्याऐवजी खायचे मार्गारिन करणारे कारखाने तीच तेले आणि चरबी उचलू लागले होते. तीन पेन्सची वडी साडेतीन पेन्सला विकणे अवघड. मजुराच्या बायकोला अर्धी पेनीही कळते. तेव्हा किंमत तीच ठेवून सोळा औंसांची वडी पंधरा औंसांची करण्यात आली. त्याच वर्षी लिव्हरने इतर मोठ्या साबण कारखानदारांना एकत्र करून संघ बांधण्याचे योजले. घाऊक तेल एकत्र घ्यावे, जाहिरातीवरची उधळपट्टी थांबवावी, हा त्यातला हेतू. कागदावर पाहिले तर सहकारी भांडार जे सांगते तेच हा संघ सांगत होता. फक्त वाचलेला पैसा कोणाकडे जायचा, एवढाच फरक होता. लॉर्ड नॉर्थक्लिफच्या 'डेली मेल'ने 'साबण ट्रस्ट' म्हणून झोड उठवली आणि पंधरा औंसांचा पौंड घराघरांत पोचवला. त्या संतापामागे बुडणाऱ्या जाहिरातींचे दुःखही होते, हे विसरून चालणार नाही. तरीही बायकांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वड्या तोलल्या. खप झपाट्याने उतरला आणि नोव्हेंबरात संघ मोडला.

लिव्हरने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. जुलै १९०७ मध्ये लिव्हरपूलला खटला उभा राहिला. लिव्हरचे वकील एडवर्ड कार्सन, आणि वर्तमानपत्रातर्फे रूफस आयझॅक्स, म्हणजे जे १९२१ मध्ये लॉर्ड रीडिंग म्हणून हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आले तेच. लिव्हरची साक्ष इतकी ठाम झाली की आयझॅक्स यांना खटला मध्येच मिटवावा लागला, आणि वर्तमानपत्राने ५०,००० पौंड भरपाई मोजली. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेल. फसवणूक केली असे छापणे आणि वजन कमी केले असे छापणे यांत अंतर आहे. पण या गदारोळात मँचेस्टरच्या सहकारी घाऊक संस्थेकडे साबणाची मागणी वाढली, ही गोष्ट आम्हांला निकालाहून अधिक बोलकी वाटते.

ही घाऊक संस्था अचानक उगवली नव्हती. १८४४ च्या डिसेंबरात रॉचडेल येथे २८ कामकऱ्यांनी टोड लेनवर दुकान उघडले तेव्हा त्यांच्या फळीवर पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल होता. अशा दुकानांनी मिळून १८६३ मध्ये घाऊक खरेदीची संस्था काढली. तिने १८७४ मध्ये डरॅम येथे स्वतःचा साबण शिजवायला घेतला आणि १८९५ मध्ये अर्लम येथे मोठा कारखाना घातला. म्हणजे १९०६ च्या गिऱ्हाइकाला चिडून जायला दुसरे दुकान होते. आपल्याकडे १९४८ साली नायगावात कामगारांनी सुरू केलेल्या ग्राहक संस्थेचे पुढे 'अपना बाजार' झाले, त्यामागची समजूत हीच.

आमच्या कामात या औंसाची आठवण अनेकदा झाली. कारखान्यांत कामगाराला हात धुवायला आणि आंघोळीला साबण द्यावा लागतो, आणि करारात ते कलम येतेच. एका कारखान्याशी झालेल्या करारात 'दरमहा दोन वड्या' असे लिहिलेले होते. वर्षे गेली, वड्या दोनच राहिल्या, पण हातातली वडी पातळ होत गेली. व्यवस्थापनाने करार मोडला असे कोणी म्हणू शकत नव्हते, कारण करारात नग होते, ग्रॅम नव्हते. पुढच्या वाटाघाटीत आम्ही साबणाच्या कलमात वजन घालण्याचा आग्रह धरला. समोरचे साहेब हसले. बोनसच्या गोष्टी चालल्या असताना हे काय साबणाचे काढता, असे त्यांनी विचारले. दीड हजार माणसे, महिना दोन वड्या, वडीमागे काही ग्रॅम, असा हिशेब कागदावर मांडल्यावर हसणे थांबले आणि त्यांच्या हिशेबनिसाला बोलावणे गेले.

वजन म्हणजे साबण नव्हे, हे सरकारने कबूल केल्याचा स्वच्छ पुरावा युद्धात सापडतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेने जिलेटकडून सुमारे ३५ लाख दाढीची यंत्रे घेऊन शिपायांना वाटली. घरी परतलेला शिपाई पुन्हा रोज न्हाव्याकडे गेला नाही, आणि नाव लिहिलेले मग फळीवर धूळ खात पडले. साबणाचा साठा न्हाव्याच्या दुकानातून घरोघरच्या फळीवर आला तो असा. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, ब्रिटनने साबणाचे रेशनिंग सुरू केले. जहाजांतून येणारी चरबी आणि तेल आधी पोटाला हवे होते. हे रेशनिंग लढाई संपल्यावरही १९५० च्या सप्टेंबरपर्यंत चालले. त्यात एका कुपनावर धुण्याचा कठीण साबण चार औंस मिळे, पण साबणाची पावडर सहा औंस. पावडरीत खरा साबण कमी, म्हणून वजन जास्त. कुपन मोजत होते ती चरबी. आणि दाढीचा साबण? तो रेशनमधून वगळलेला होता. राज्य संकटात असताना नागरिकाचा गाल तुळतुळीत असावा, अशी कोणाची तरी इच्छा असणार.

युद्धानंतर नळीतले क्रीम सर्वत्र पसरले, १९५० च्या सुमारास डब्यातला तयार फेस आला. हा सारा प्रवास आम्हांला उलट्या दिशेचा वाटतो. वडीत पाणी दहा-पंधरा टक्के, नळीतल्या क्रीममध्ये निम्म्याच्या आसपास, आणि डब्यातल्या फेसात बहुतेक पाणीच. जे पाणी नळाला फुकट येते ते आपण नळीत आणि पत्र्याच्या डब्यात भरून, सुगंध लावून घरी आणतो. आज सलूनमध्येही वडी क्वचित दिसते. सोय आहे, घाई आहे, न्हाव्याला गिऱ्हाइकागणिक ब्रश धुवावा लागत नाही; त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्याने दोन्ही भाव शेजारी शेजारी लिहून पाहावेत. शंभर ग्रॅमची चांगली वडी रोज दाढी करणाऱ्याला चार-सहा महिने पुरते.

आणि त्या औंसाचे पुढे काय झाले? तो कायद्यात जाऊन बसला. आपल्या देशातील आवेष्टित मालाच्या नियमांत साबणाला सवलत आहे: वेष्टनावर निव्वळ वजन लिहिताना 'पॅक करतेवेळी' असे शब्द जोडण्याची. घरी गेल्यावर कोणतीही वडी उचलून पाहा, बारीक अक्षरांत ते शब्द सापडतील. अर्थ असा की कारखान्यातून निघाल्यावर उडालेल्या पाण्याची जबाबदारी वडी विकत घेणाऱ्याची. नियम अन्यायाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. वाळणे हा साबणाचा धर्म आहे, आणि प्रत्येक वडी दुकानात पुन्हा तोलणे शक्य नाही. पण त्या अक्षरांच्या शेजारी चरबीच्या अंशाचा आकडाही असतो. अंगाच्या साबणात ७६ टक्के असेल तर पहिली प्रत, ७० दुसरी, ६० तिसरी. खरेदीला जाणाऱ्याने किमतीआधी हा आकडा वाचावा.

आता साठवणीचे चार शब्द, कारण सभेनंतर तेच विचारायला मंडळी थांबतात. दाढीच्या साबणाला वाळण्याचे भय कमी, ओलाव्याचे जास्त. त्यातले पोटॅश आणि ग्लिसरीन हवेतले पाणी ओढतात, आणि कोकणपट्टीत आषाढात वडीला अक्षरशः घाम फुटतो. मेणकागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. चहाच्या पेटीजवळ ठेवू नये. साबणाचे काही बिघडत नाही, चहाचा बिघडतो. चरबीचा साबण उंदरांना प्रिय आहे, हे कोणत्याही वाण्याला विचारावे. पातळ तेलांचा साबण फार दिवस राहिला तर खवट होतो आणि त्यावर तांबूस ठिपके पडतात. स्टिअरिन जास्त असलेला टिकतो. सुवास मात्र दोघांचाही उडतो, तेव्हा अत्तरासाठी जास्त पैसे देऊन पाच वर्षांचा साठा करणे शहाणपणाचे नाही. एका माणसाला डझन म्हणजे चार वर्षांची बेगमी, त्यापुढे हाव. आमच्या कामगारांच्या भांडारात पेटीवर पेन्सिलीने महिना लिहितात, नवी पेटी मागे सरकवून जुनी पुढे काढतात, आणि घाऊक मागणी पावसाळा सरून हवा कोरडी झाल्यावर, दसऱ्यानंतरच पाठवतात.